तब्येतीचा दंड, पगारातून

फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले शिक्षक संपावर गेले. भांडण मुख्यतः पगाराचं आणि चढत्या विमा-हप्त्यांचं होतं, पण ठिणगी टाकणाऱ्यांत ‘गो365’ नावाचं ॲपही होतं. पावलं मोजा, तपासण्यांच्या नोंदी करा, ठरलेले गुण मिळवा; नाही मिळाले तर महिन्याला 25 डॉलर जास्त भरा. दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंकडे पावलांचा हिशेब! ही सक्ती संपाआधीच मागे घेतली, तरी सगळ्या 55 काउंटींतल्या शाळा बंद पडल्या आणि पाच टक्के पगारवाढ पदरात पाडून घेऊनच शिक्षक वर्गावर परतले.

कामगार कसा राहतो, काय पितो, यात मालकाने नाक खुपसणं नवं नाही. हेन्री फोर्डने 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले. त्यातला निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळायचा आणि त्याला अटी होत्या. गडी दारू पीत नाही ना, घर स्वच्छ ठेवतो ना, चार पैसे शिल्लक टाकतो ना, हे बघायला कंपनीचे तपासनीस घरी येत.

पैशाचं गणित मात्र दुसऱ्या महायुद्धात बदललं. 1942 मध्ये सरकारने पगारवाढीला लगाम घातला. माणसं टिकवायची कशी? कंपन्यांनी आरोग्य विमा देऊ केला, आणि 1954 च्या करकायद्याने मालक भरत असलेल्या हप्त्याची करमाफी पक्की केली. तेव्हापासून कामगाराच्या दुखण्याची झळ थेट मालकाला लागते. आपल्याकडे ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, मग कोणी कितीही आजारी पडो. त्यामुळे ही तगमग आपल्याला चटकन उमगत नाही.

अमेरिकेत प्रकृती पाहून हप्ता कमीजास्त करायला 1996 च्या ‘हिपा’ कायद्याने मनाई केली, पण आरोग्य-उपक्रमांसाठी एक खिडकी उघडी ठेवली. 2006 च्या नियमांनी ती खिडकी मोजून दिली: सूट किंवा दंड विमाखर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत. मग आली सेफवे ही किराणा दुकानांची साखळी. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवर हप्त्यात सूट ठेवली आणि आरोग्यखर्च चार वर्षं वाढू दिला नाही, असं तिचे प्रमुख स्टीव्हन बर्ड यांनी 2009 मध्ये सांगितलं. वॉशिंग्टनला हे भलतंच आवडलं. ओबामांच्या 2010 च्या कायद्याने मर्यादा 30 टक्के केली. तंबाखूसाठी ती पुढे 50 पर्यंत गेली. वॉशिंग्टन पोस्टने 2010 मध्येच दाखवून दिलं, की सेफवेचा खर्च ही योजना येण्याआधीच, विम्याची रचना बदलल्यावर, आटोक्यात आला होता. पण तोवर वरात पुढे गेली होती.

यातली मेख साधी आहे. सगळ्यांचा हप्ता आधी 50 डॉलरनी चढवायचा आणि चाचणीत पास होणाऱ्याला 50 डॉलर सूट द्यायची. कागदावर बक्षीस, नापास झालेल्याच्या खिशाला दंड. पेन स्टेट विद्यापीठाने 2013 मध्ये हा आडपडदाही ठेवला नाही: आरोग्याची प्रश्नावली भरा, नाहीतर महिन्याला 100 डॉलर. स्त्रियांना त्यात मूल होऊ देण्याचा विचार आहे का, हेही विचारलं होतं. प्राध्यापक खवळले आणि सप्टेंबरात दंड मागे घ्यावा लागला.

एका सवयीपुरतं रोख बक्षीस चालतं, हे खरं. जनरल इलेक्ट्रिकच्या 878 कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात पैसे मिळणाऱ्यांपैकी 14.7 टक्क्यांनी वर्षभरात सिगारेट सोडली, बाकीच्यांत 5 टक्क्यांनी. सरसकट उपक्रमांची गोष्ट वेगळी. अर्थतज्ज्ञ कॅथरिन बायकर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये जुने अभ्यास चाळून हिशेब मांडला होता, की उपक्रमावरच्या एका डॉलरमागे औषधपाण्याचे 3.27 डॉलर वाचतात. कंपन्या हा आकडा वर्षानुवर्षं मिरवत राहिल्या. त्याच बायकर यांनी झिरुई साँग यांच्यासोबत बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीच्या 160 ठिकाणांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही ठिकाणी उपक्रम राबवला, बाकीच्या ठिकाणी नाही, आणि तुलना करून पाहिली. 2019 मध्ये निकाल आला: दीड वर्षानंतर ना रक्तदाबात फरक, ना वजनात, ना खर्चात. कायद्यातले 30 आणि 50 टक्के अजून तसेच आहेत.