रिव्हर्सिंग स्टेशन (बोरघाट)

मुंबई-पुणे लोहमार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे, बोरघाटातील एका कड्याच्या सोंडेवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६३ मध्ये सुरू केलेले हे स्थानक गाडीची दिशा पालटण्यासाठी बांधलेले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर ते वापरातून गेले. बहुतेक स्थानके गावासाठी किंवा बाजारपेठेसाठी उभी राहतात. हे मात्र केवळ डोंगराच्या चढामुळे उभे राहिले, आणि त्या चढावर वेगळा तोडगा निघताच त्याची गरज संपली.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचला आणि १८५८ मध्ये माथ्यावरच्या खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाड्या धावू लागल्या. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढावा लागे. हे अंतर जोडण्यासाठी मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किमी लांबीचा मार्ग आखला. त्यात सुमारे ५५८ मीटर उंची गाठायची होती आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा होता. कड्याच्या अरुंद कपारीवर गाडीला वळसा घालण्याइतकी जागा नव्हती आणि त्या काळी सुरुंगाची दारू व हातातील पहार एवढ्याच बळावर लांब बोगदे खोदणे वेळखाऊ व खर्चिक होते. म्हणून बर्कले यांनी वळणाऐवजी उलट फिरण्याचा मार्ग पत्करला.

खालून चढत आलेली गाडी सोंडेवरील या स्थानकात शिरे आणि पुढे रूळ संपत असल्याने तिथेच थांबे. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडले जाई, सांधे बदलले जात आणि आतापर्यंत शेवटी असलेला डबा इंजिनामागे पहिला होऊन गाडी वरच्या पातळीवरील रुळांवरून खंडाळ्याकडे निघे. उतरणाऱ्या गाडीला हाच क्रम उलटा करावा लागे आणि खरा धोका तिथेच होता, कारण तीव्र उतारावर ब्रेक पुरे पडले नाहीत तर समोर मार्गाचे टोक आणि त्यापलीकडे दरी होती. १८६९ मध्ये वरून सुटलेली एक गाडी आवरता न आल्याने येथे भीषण अपघात झाला.

घाटाच्या कामाला १८५६ मध्ये आरंभ झाला. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने काम सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर लवकरच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ॲडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकरवी ते पूर्ण करून घेतले. ऐन भरात असताना कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांत त्यांतील हजारो दगावले. कंत्राटदार आणि अभियंत्यांची नावे इतिहासात राहिली, या मजुरांची राहिली नाहीत, ही या मार्गाच्या इतिहासातली मोठी उणीव आहे. २५ बोगदे आणि ८ पूल असलेल्या या मार्गाचे उद्घाटन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ रोजी झाले. बर्कले आदल्याच वर्षी वारले होते.

थळ घाटात कसाऱ्याजवळही असेच स्थानक होते.

वाहतूक वाढली तशी या व्यवस्थेची मर्यादा उघड झाली. दर गाडीला थांबणे भाग होते, आणि सोंडेवरील रुळांच्या लांबीपेक्षा मोठी गाडी नेता येत नव्हती. अखेर कड्याच्या पोटातून बोगदे काढून नवा मार्ग टाकण्यात आला, १९२९ मध्ये कल्याण-पुणे विद्युतीकरण झाले आणि गाड्या दिशा न पालटता घाट चढू लागल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वेग जुन्या मार्गावर शक्यच नव्हता. चढ मात्र तेवढाच राहिला. त्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे तिला चढावर ढकलणारी बँकर इंजिने जोडण्याची पद्धत पुढेही चालू राहिली, आणि आवरेनाशी झालेली उतरती गाडी चढाच्या रुळांवर वळवून थांबवणाऱ्या कॅच सायडिंगही घाटात कायम राहिल्या.