अक्षरं नवी की भाषा नवी?

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची बरीच पोरं आता कल्पनारम्य कादंबऱ्या लिहायला लागलीत. त्यांचा खर्डा वाचायला घेतला की वहीच्या शेवटच्या पानावर बहुतेकदा एक तक्ता सापडतो. 'क'ला त्रिकोण, 'ख'ला त्रिकोणात टिंब, आणि वर ठसठशीत मथळा: 'राक्षसांची भाषा'. तक्ता झकास असतो, पण ती भाषा नसते, लिपी असते. खात्री करायची तर त्या पोराला म्हणायचं, तुझ्या राक्षसांच्या भाषेत "मी उद्या येणार नाही" एवढं बोलून दाखव. लिहायचं नाही, तोंडानं बोलायचं. तिथं गाडी अडली की समजावं, राक्षस मराठीच बोलतात, फक्त अक्षर वेगळं काढतात.

हा घोळ निदान मराठवाड्यात तरी व्हायला नको. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी दप्तरं उघडली. त्यात मोडीतले कागद होते, निजामाच्या काळातले उर्दूतलेही होते. मोडीचा कागद कुणी वाचून दाखवला की शेतकऱ्याला थेट कळतो, कारण आत मराठीच आहे. उर्दू कागद नुसता वाचून भागत नाही. मौजे, तालुका, जमीन असे ओळखीचे शब्द कानावर पडतात, पण वाक्याचा अर्थ सांगायला उर्दू येणारा माणूस लागतो. पहिल्या कामाला लिप्यंतर म्हणतात, दुसऱ्याला अनुवाद. शेवटच्या पानावरच्या तक्त्यानं फक्त पहिलं काम निघतं.

निव्वळ लिपी गुप्त ठेवण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण महानुभाव पंथाचं. ग्रंथ मराठीत, पण पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे ठरवून अक्षरांची अदलाबदल केलेल्या सांकेतिक लिपीत उतरवलेल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उलगडली. किल्ली हातात येताच आतून मराठी निघाली. नवं व्याकरण शिकावं लागलं नाही.

आता टॉल्किन. हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक, पेशानं भाषांचा अभ्यासक. 1937 च्या 'द हॉबिट'मधल्या नकाशावर त्यानं जुनी इंग्रजी रून अक्षरं वापरली. दिसायला गूढ, पण वाचलं की इंग्रजीच. आपल्या पोराच्या तक्त्यापेक्षा फार पुढची गोष्ट नाही. 1954-55 मधल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये मात्र दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून सुट्या केल्यात. कथेतल्या जादूच्या अंगठीवरची अक्षरं एल्फ नावाच्या अमर लोकांची, भाषा त्यांच्या शत्रूची. ती 'काळी बोली' सॉरॉन या खलनायकानं स्वतः घडवलेली, तरी कोरायला त्याला एल्फांचीच लिपी घ्यावी लागली. तिथला एकच शब्द सोडवून पाहा: 'दुर्बातुलूक'. 'दुर्ब' म्हणजे सत्ता गाजवणं, 'आत' म्हणजे करण्यासाठी, 'उल' म्हणजे त्यांच्यावर, 'ऊक' म्हणजे सगळ्यांवर. शब्द असा सांध्यांवर सुटायला लागला की भाषा आहे म्हणायचं.

त्याच कादंबरीत मोरिया या बुटक्यांच्या भुयारी नगरात बालिन नावाच्या बुटक्याचं थडगं आहे, त्यावर तर एकाच दगडावर एकाच रून लिपीत दोन भाषा आहेत: वर बुटक्यांची खुझदूल, खाली माणसांची. हे बुटके लिपी चारचौघांत वापरतात, भाषा मात्र परक्याला शिकवत नाहीत, स्वतःचं खरं नावही सांगत नाहीत. महानुभावांचं बरोबर याच्या उलट: त्यांनी लोकांची बोली उघडी ठेवली आणि अक्षरं झाकली.

लिपी घडवणं हलकं काम आहे असं मात्र मी म्हणणार नाही. टॉल्किनच्या तेंग्वार लिपीत (अंगठीवरची ती हीच) 'त'च्या पोटाची गोलाई दुहेरी केली की 'द' होतो, त्याच रीतीनं 'प'चा 'ब'. क-च-ट-त-प घोकलेल्या माणसाला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. स्वरांच्या खुणाही आपल्या मात्रांसारख्या व्यंजनाच्या डोक्यावर बसतात. गंमत पुढं आहे. क्वेन्या भाषा लिहिताना ही खूण आधीच्या व्यंजनावर देतात, सिंदारिन लिहिताना बहुधा पुढच्या. लिपी तीच, भाषा बदलली की लिहायची रीत बदलते. या दोन्ही एल्फांच्याच भाषा. क्वेन्याच्या नादामागं फिनिश आहे, सिंदारिनमागं वेल्श.

लिपीशिवाय भाषा तर राजरोस असते. आपल्या तांड्यांवरची बंजाऱ्यांची गोरमाटी देवनागरीत लिहितात, म्हणून ती अर्धवट ठरत नाही. 2011 च्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेसाठी डेव्हिड पीटरसननं दोथ्राकी या घोडेस्वार टोळ्यांची भाषा रचली, आणि त्या टोळ्या लिहीतच नाहीत. 'बाहुबली'तल्या काळकेयांची किलिकी मदन कार्कींनी रचली, तीही आपण कानांनीच ओळखतो.

मग कादंबरीला काय लागतं? नकाशा, शिलालेख, गुप्त चिठ्ठी एवढंच असेल तर लिपी पुरे. पण दोन जमाती समोरासमोर उभ्या करायच्या असतील तर भाषेला पर्याय नाही. परभणीचा माणूस पुण्यात "मी जेवायलो" म्हणाला की पुढचं सांगावं लागत नाही, आणि हे कागदावर नाही, कानावर घडतं. तुमच्या राक्षसांनाही क्रियापदाची अशी एखादी लकब द्या. शे-दोनशे शब्दांचा कोश नंतर करता येईल.

टॉल्किनच्या ऑर्कांचं, म्हणजे त्याच्या राक्षसांचं, बघा. त्यांच्या टोळ्यांच्या बोल्या इतक्या वेगळ्या की एका टोळीचं दुसरीला कळत नाही, म्हणून भांडायलासुद्धा त्यांना सगळ्यांची सामाईक भाषा लागते. त्यामुळेच त्यांच्या कैदेत पडलेल्या पिपिनला, म्हणजे नायकाच्या एका सोबत्याला, त्यांची हमरीतुमरी बरीचशी समजते, आणि कोण कुणावर उलटणार याचा अंदाज त्याला पळून जायच्या आधीच येतो.