शारीरिक श्रम आणि मेदयुक्त यकृत (ग्रामीण विदर्भ)

यकृतातील ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला, की त्या अवस्थेला मेदयुक्त यकृत म्हणतात. विदर्भातील खेड्यांत हा विकार बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी तालुक्याच्या गावी काढलेल्या सोनोग्राफीत आढळतो आणि ‘लिव्हरवर सूज आहे’ एवढ्याच शब्दांत घरी पोहोचतो. मेद आणि सूज या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. आधी नुसता मेद साठतो. काहींच्या बाबतीत त्यावर दाह होतो, दाहातून तंतुमयता (जखमेच्या वणासारखे धाग्यांचे जाळे) वाढते आणि अखेरीस यकृत कठीण होते. बहुतेक रुग्ण पहिल्याच पायरीवर असतात व तेथून मागे फिरता येते. या परतीत शारीरिक श्रमाचा वाटा मोठा आहे.

मद्यपानाने यकृतात मेद साठतो, ही नोंद सामान्यतः इंग्रज वैद्य टॉमस ॲडिसन यांच्या १८३६ च्या सुमारास केलेल्या निरीक्षणांपर्यंत मागे नेली जाते. मद्य न घेणाऱ्यांच्या यकृतातही तसाच दाह दिसतो, हे पुढे अनेकांनी लिहिले. त्या अवस्थेला ‘नॅश’ (मद्याविना होणारा मेदयुक्त यकृतदाह) हे नाव मात्र १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग व सहकाऱ्यांनी दिले. दारू नाही, एवढेच सांगणारे हे नाव कारणाविषयी काही सांगत नाही, असा आक्षेप राहिला. २०२० मध्ये पर्यायी नाव सुचवले गेले आणि २०२३ मध्ये अनेक देशांच्या यकृततज्ज्ञ संघटनांनी या सबंध विकारासाठी चयापचयातील बिघाडावर आधारलेले ‘मॅसल्ड’ हे नाव स्वीकारले. या नावात बसण्यासाठी मद्यार्काची मर्यादा पुरुषांसाठी आठवड्याला २१० ग्रॅम व स्त्रियांसाठी १४० ग्रॅम धरली आहे. पूर्व विदर्भात ही सीमा लावणे कठीण जाते, कारण घरी गाळलेल्या मोहाच्या दारूचा कडकपणा दर गाळपाला बदलतो. रुग्णाने ‘दोन गिलास’ सांगितले, तरी त्यावरून ग्रॅम काढता येत नाहीत. खेड्यातील कामापुरते दोन्ही कारणे एकत्र असू शकतात असे धरून चालणे अधिक योग्य वाटते.

यकृतातील मेदाचा मोठा भाग, एका बहुउद्धृत मापनानुसार सुमारे ६० टक्के, शरीरातील चरबीच्या साठ्यांतून सुटलेल्या मेदाम्लांपासून येतो. सुमारे एक चतुर्थांश मेद यकृत स्वतः पिष्ट व साखरेपासून तयार करते. थेट आहारातून येणारा वाटा त्याहून लहान असतो. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की जेवणातील ग्लुकोज त्यांत पुरेसे शिरत नाही आणि यकृताकडे वळून तेथे त्याचा मेद होतो. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज ओढून घेतो. हा परिणाम टिकाऊ नसतो. एका वेळच्या व्यायामाने सुधारलेली इन्शुलिन-संवेदनशीलता साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. पुढील विवेचनात ही गोष्ट निर्णायक आहे.

लाभ श्रमाचा की घटलेल्या वजनाचा, यावर मतभेद आहेत. क्यूबातील २०१५ च्या अभ्यासात वजन ७ ते १० टक्के घटलेल्यांत दाह लक्षणीय उतरला व तंतुमयता मागे हटण्याचे प्रमाण १० टक्क्यांवर घट झालेल्यांत सर्वाधिक होते. त्यामुळे वजनाला अग्रक्रम देणारा पक्ष बलवान आहे. उलट, वजनकाट्यावर फारसा फरक नसतानाही नियमित व्यायामाने यकृतातील मेद उतरतो, असे एमआरआयवर आधारलेल्या अनेक चाचण्यांत दिसले आहे. मेदापुरता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. तंतुमयतेबाबत तसे म्हणता येत नाही. विदर्भासाठी हा भेद महत्त्वाचा आहे, कारण येथे अंगाने सडपातळ माणसांतही विकार आढळतो. बंगालच्या ग्रामीण भागातील २०१० च्या पाहणीत मेदयुक्त यकृत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांचा देहभारांक (उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय) २५ च्या खाली होता. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली, वजन कमी पण चरबी अधिक अशी भारतीय शरीरठेवण याच्याशी जुळते. अशा माणसाला सरसकट ‘वजन कमी करा’ एवढेच सांगणे पुरेसे नसते, कधी अपायकारकही ठरू शकते.

शेतातले काम व्यायामात धरावे का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तीव्रतेच्या मापाने पाहता निंदण, डवरणी, सोयाबीनची सोंगणी किंवा धानाची रोवणी ही मध्यम श्रमाची किंवा त्याहून जड कामे आहेत. डेन्मार्कमधील काही संशोधक पोटापाण्याचे श्रम फुरसतीच्या व्यायामाइतके हितकारक नसतात असे मांडतात. त्यांचा पुरावा मुख्यतः हृदयविकाराचा व पाश्चात्त्य कामगारांचा आहे, तो येथे जसाच्या तसा लावू नये. खरी अडचण सातत्याची आहे. जूनच्या पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत शरीर राबते. फाल्गुनापासून मृगापर्यंत कोरडवाहू गावात हाताला काम नसते. दोन-तीन दिवसांत ओसरणारा लाभ तीन-चार महिने टिकेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. साधारण १९९० नंतर ट्रॅक्टर, तणनाशक व मळणीयंत्रांनी कामाच्या दिवसांतलेही श्रम कमी केले आणि शेतावर पायी जाण्याऐवजी मोटरसायकल आली. बायांच्या वाट्याची वेचणी मात्र अजून हातानेच होते. त्यांना ‘आणखी व्यायाम करा’ सांगण्याआधी त्यांच्या दिवसाकडे पाहायला हवे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आणला. तिशीवरील व्यक्तींसाठी आशा सेविका जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात कमरेचा घेर आणि आठवड्याला १५० मिनिटे श्रम होतात का, हे विचारले जाते. एकाच माणसाचे उत्तर कार्तिकात ‘हो’ आणि चैत्रात ‘नाही’ असेल. प्रश्न उन्हाळ्यातही विचारला जावा.

रिकाम्या महिन्यांत झपाझप चालणे सर्वांत सोपे. पांदण रस्त्याने रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इतके पुरते. जोर-बैठकाही मेद कमी करतात, आणि अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या या प्रदेशात त्या परक्या नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून चालणे सूर्योदयाच्या आत उरकावे. यकृतकाठिण्य होऊन अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या रुग्णाने पोती उचलण्यासारखे ताण देणारे काम टाळावे. विदर्भात सिकलसेल (रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) आढळत असल्याने अशा रुग्णाने पाणी न पिता दमछाक होईपर्यंत श्रम करणे धोक्याचे असते. त्याचे सिकलसेलचे लालकार्ड (रुग्ण) वा पिवळेकार्ड (वाहक) पाहूनच व्यायाम सांगावा.