इंडियन एजंट : अपाची व नॅव्हाहो प्रदेशातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सरकारने मूळ रहिवासी जमातींशी व्यवहार ठेवण्यासाठी नेमलेला मुलकी अधिकारी. प्रस्तुत नोंद न्यू मेक्सिको व ॲरिझोना या प्रदेशांतील अपाची आणि नॅव्हाहो लोकांसाठी नेमलेल्या एजंटांपुरती, मुख्यतः १८४९ ते १८८६ या कालखंडापुरती आहे. शिधावाटप, तह व करारांची बोलणी, व्यापारपरवाने, राखीव क्षेत्राचा कारभार आणि पुढे शाळा ही एजंटाची कामे होती.

इंडियन व्यवहारांचे कार्यालय १८२४ मध्ये युद्धखात्यात सुरू झाले आणि १८४९ मध्ये नव्या अंतर्गत खात्याकडे गेले. सीमेवरील सैन्य अर्थातच युद्धखात्याकडे राहिले. एजंट वचन देई, पण ते पाळवून घेणारी बंदूक दुसऱ्या खात्याची असे. या प्रदेशातील बहुतेक बेबनावांचे मूळ या विभागणीत सापडते. कायद्याची बाजूही कच्ची होती. १८३४ चा इंडियन व्यापार व संबंधविषयक कायदा मेक्सिकोकडून नव्याने मिळालेल्या मुलखाला लागू आहे की नाही, याबद्दल संदिग्धता होती. २७ फेब्रुवारी १८५१ च्या कायद्याने तो न्यू मेक्सिकोला लागू झाला आणि तेथे चार एजंट नेमण्याची तरतूद झाली.

शिधा देऊन शांतता राखण्याची पद्धत अमेरिकन एजंटांनी सुरू केली की त्यांना ती वारशाने मिळाली, याविषयी मतभेद आहेत. स्पेनच्या अमलात न्यू स्पेनचा व्हाइसरॉय गाल्वेझ याच्या १७८६ च्या आदेशानंतर अपाचींना लष्करी ठाण्यांजवळ वसवून धान्य व मांस पुरवले जाई. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यानंतर हा पुरवठा आटला आणि १८३१ च्या सुमारास जवळजवळ थांबला. काही अभ्यासक दोन्ही पद्धतींत थेट सातत्य मानतात. वॉशिंग्टनमधून आलेल्या सूचनांचे स्वरूप पाहता हे मत पूर्णपणे स्वीकारणे कठीण आहे. तथापि अपाचींच्या बाजूने सातत्य असणे संभवनीय वाटते. शांततेच्या मोबदल्यात शिधा मिळतो, ही अपेक्षा त्यांच्याकडे दोन पिढ्यांची होती.

सँटा फे येथील पहिला एजंट जेम्स कॅल्हून १८४९ च्या जुलैमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोचा लष्करी गव्हर्नर कर्नल वॉशिंग्टन याच्या सैन्याबरोबर तो नॅव्हाहो मुलखात गेला. ३१ ऑगस्टला बोलणी आटोपता आटोपता एका घोड्याच्या मालकीवरून वाद झाला, सैनिकांनी गोळीबार केला आणि वृद्ध नेता नार्बोना मारला गेला. तो नॅव्हाहोंमधील शांततावादी गटाचा आधार होता. नऊ दिवसांनी, ९ सप्टेंबरला, कॅन्यन डी शे येथे तह झाला. १८४६ ते १८६८ या काळात नॅव्हाहोंशी अनेक तह झाले. सीनेटने मान्यता दिली ती फक्त १८४९ व १८६८ च्या तहांना. १८५५ मध्ये लगुना नेग्रा येथे ठरलेली सीमारेषाही मान्यतेवाचून राहिली. नॅव्हाहोंनी मात्र ती ठरल्याप्रमाणे पाळावी, अशी अपेक्षा होती.

हेन्री लिन डॉज (कार्यकाळ १८५३–५६) हा सँटा फेत न राहता नॅव्हाहोंमध्ये जाऊन राहिला. तो लोहार बरोबर घेऊन गेला, मेंढ्यांच्या चोरीचे तंटे जागीच मिटवू लागला. त्याच्या कारकीर्दीत मोठा संघर्ष झाला नाही. नोव्हेंबर १८५६ मध्ये झुनी या वस्तीच्या दक्षिणेस शिकारीला गेला असता अपाचींच्या हातून तो मारला गेला. १९२३ मध्ये नॅव्हाहो परिषदेचे पहिले अध्यक्ष झालेले हेन्री ची डॉज हे त्याचेच पुत्र, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार त्यांचे वडील एजंटाच्या पदरी असलेले मेक्सिकन कारागीर व दुभाषी होते आणि नाव एजंटावरून ठेवले गेले. जन्मवर्ष १८६० च्या आसपास धरल्यास पहिले मत टिकत नाही. पण ते १८५७ च्या सुमाराचेही सांगितले जाते. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

अपाचींकडील एजंट मायकेल स्टेक याने १८५० च्या दशकात मेस्कालेरो व मिंब्रेस गटांना शेतीची अवजारे व बियाणे पुरवले. १८६३ मध्ये तो न्यू मेक्सिकोचा अधीक्षक झाला आणि तेथील सेनाधिकारी जनरल कार्लटन याच्या बॉस्के रेडोंडो येथे मेस्कालेरो व नॅव्हाहो यांना हलवून बसवण्याच्या योजनेला त्याने उघड विरोध केला. पेकोस नदीकाठी इतक्या लोकांना पोसणारी जमीन नाही आणि मेस्कालेरो व नॅव्हाहो एकत्र नांदणार नाहीत, हे त्याचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या; पण तोवर स्टेकला १८६५ मध्ये पद सोडावे लागले होते. पूर्वी टाओसचा इंडियन एजंट असलेल्या किट कार्सनने लष्करी मोहिमेत नॅव्हाहोंची शेते व फळबागा उद्ध्वस्त केल्या. १८६४ पासून आठ हजारांहून अधिक लोकांना शेकडो किलोमीटर चालवत बॉस्के रेडोंडोला नेण्यात आले. कणसे किडीने खाल्ली, पाणी खारे होते, जळणासाठी मैलोन्‌मैल जावे लागे. मृतांची संख्या साधारणपणे दोन हजारांच्या घरात मानली जाते. मेस्कालेरो नोव्हेंबर १८६५ मध्ये एका रात्रीत निघून गेले.

१ जून १८६८ च्या तहाने नॅव्हाहोंना आपल्या मुलखाच्या एका भागात परतता आले. वाटाघाटींत नॅव्हाहो नेता बार्बोन्सितो याचे बोलणे आधी स्पॅनिशमध्ये व मग इंग्रजीत जात असे. त्यामुळे प्रत्यक्ष कबूल काय झाले आणि लिहिले काय गेले, यांत अंतर राहिले. नॅव्हाहोंची समजूत लिखित सीमेपेक्षा मोठ्या क्षेत्राची होती. ही गोष्ट पुढील एजंटांच्या डोक्यावर बसली.

राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या १८६९ पासूनच्या धोरणात एजंटांची शिफारस ख्रिस्ती पंथांकडे सोपवली गेली. नॅव्हाहो एजन्सी प्रेस्बिटेरियनांकडे, तर ॲरिझोनातील अपाचींची सॅन कार्लोस एजन्सी डच रिफॉर्म्ड पंथाकडे आली. धोरण जाहीर असतानाच ३० एप्रिल १८७१ रोजी ॲरिझोनातील टूसॉनच्या जमावाने कँप ग्रँट या लष्करी ठाण्याजवळ लष्कराच्या आश्रयाला आलेल्या शंभरावर अपाचींची कत्तल केली. मृतांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. आरोपी निर्दोष सुटले.

जनरल हॉवर्ड १८७२ मध्ये विशेष आयुक्त म्हणून आला. ऑक्टोबरमध्ये त्याने चिरिकावा या अपाची गटाचा नेता कोचीस याच्याशी समेट केला. कोचीसची अट होती की एजंट थॉमस जेफर्ड्स हाच असावा, आणि ती मान्य झाली. या समेटाचा लेखी मसुदा झाला नाही. मेक्सिकोत छापे न घालण्याचे वचन त्यात होते काय, हा त्यामुळे वादाचा मुद्दा राहिला. हॉवर्डच्या मते ते होते. क्षेत्र मेक्सिकोच्या सीमेला लागून दिले गेले आणि छापे चालू राहिले, यावरून चिरिकावांची समजूत वेगळी असावी. ॲरिझोनाच्या बाजूला मात्र बरीच शांतता होती. कोचीस १८७४ मध्ये वारला. १८७६ मध्ये दारूच्या व्यवहारातून झालेल्या खुनांचे निमित्त करून क्षेत्र रद्द करण्यात आले व जेफर्ड्स पदावरून गेला.

सॅन कार्लोसचा एजंट जॉन क्लम (१८७४–७७) नेमणुकीच्या वेळी जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याने अपाची पोलीस दल व अपाची न्यायाधीशांचे न्यायालय उभारले. २१ एप्रिल १८७७ रोजी ओहो काल्येंते येथे याच दलाने चिरिकावा लढवय्या जेरोनिमो याला पकडले. इंडियन पोलिसांची कल्पना मूळ क्लमची असे अनेकदा लिहिले जाते. परंतु १८७२ मध्येच हॉवर्डच्या पाठिंब्याने नॅव्हाहो एजन्सीतील थॉमस कीम याने नॅव्हाहो नेता मान्वेलितो याच्या नेतृत्वाखाली नॅव्हाहोंचे असे दल उभे केले होते. ते अल्पजीवी ठरले, तरी अग्रक्रम त्यालाच द्यावा लागतो. क्लमचे श्रेय दल टिकवण्याचे आहे. १८७८ मध्ये काँग्रेसने इंडियन पोलिसांसाठी निधी मंजूर केला.

क्लमचे गुणगान करताना त्याच्याच काळात राबवलेले एकत्रीकरण विसरले जाते. यावापाई, व्हाइट माउंटन, चिरिकावा आणि वॉर्म स्प्रिंग्ज हे परस्परांशी न पटणारे गट हिला नदीकाठच्या उष्ण, हिवतापाच्या सखल भागात कोंबण्यात आले. १८७७ मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज गटाचा नेता व्हिक्टोरिओ तेथून निसटला. त्यानंतरचे युद्ध १८८० मध्ये त्रेस कास्तिल्योस येथे त्याच्या मृत्यूने संपले. नंतरचा एजंट जोसेफ टिफनी (१८८०–८२) याच्यावर टूसॉनच्या ग्रँड ज्युरीने शिध्यातील अपहाराबद्दल कठोर ताशेरे ओढले. एजंटांच्या भ्रष्टाचाराची चर्चा याच उदाहरणावर चालते. पण प्रामाणिक एजंटाच्या हातातूनही जमीन व वचन दोन्ही जात होती, हे स्टेक व जेफर्ड्स यांच्या कारकीर्दींवरून दिसते.

नॅव्हाहो एजन्सीत १८७५ मध्ये प्रमुखांनी अर्ज करून एजंट विल्यम आर्नी याला हटवण्याची मागणी केली व त्याला जावे लागले. १८९२ मध्ये राउंड रॉक येथे निवासी शाळेसाठी मुले गोळा करू पाहणाऱ्या एजंट शिप्लीला नॅव्हाहो नेता ब्लॅक हॉर्स याच्या माणसांनी मारहाण केली.

सप्टेंबर १८८६ मध्ये जेरोनिमोच्या शरणागतीनंतर चिरिकावांना फ्लोरिडाला हद्दपार करण्यात आले; सैन्याची चाकरी केलेले अपाची स्काउट (माग काढणारे टेहळे) हेही त्यातून सुटले नाहीत. त्यांची युद्धकैदी ही स्थिती १९१३ पर्यंत राहिली. त्यानंतर बहुसंख्य लोक मेस्कालेरो क्षेत्रात गेले, काही ओक्लाहोमात राहिले. तोवर एजंट हे पदच मोडीत निघून त्याची जागा अधीक्षकांनी घेतली होती.