ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग (हॉर्नबी हाउस), मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात, शहीद भगतसिंग मार्गावर नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभी असलेली जुनी इमारत. ही मूळची निवासी हवेली. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले विल्यम हॉर्नबी यांच्यावरून तिला हॉर्नबी हाउस म्हणत. आरमाराच्या प्रमुखाचे वास्तव्य झाल्यावर ती अ‍ॅडमिरल्टी हाउस झाली.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ इथे न्यायालय भरले. वास्तू तीच राहिली, कोर्टे मात्र बदलली: आधी रेकॉर्डरचे (कंपनीच्या काळातील न्यायाधीशाचे) कोर्ट, १८२४ पासून मुंबईचे त्या वेळचे सुप्रीम कोर्ट आणि १४ ऑगस्ट १८६२ पासून हायकोर्ट. मुंबईच्या न्यायव्यवस्थेचे नाव काढले की डोळ्यांपुढे येते ते ओव्हलसमोरचे गॉथिक हायकोर्ट. पण पायाभूत ठरलेले कितीतरी वाद या जुन्या हवेलीतच लढले गेले.

त्यांत मोरो रघुनाथ प्रकरण सर्वांत महत्त्वाचे. पुण्यातील या अल्पवयीन मुलाला पांडुरंग रामचंद्र या नातलगाच्या ताब्यातून कोर्टापुढे हजर करावे, असा हेबिअस कॉर्पसचा हुकूम १८२८ साली सुटला. मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर या कोर्टाचा अधिकारच चालत नाही, असे म्हणून गव्हर्नर माल्कम यांच्या सरकारने अंमलबजावणी नाकारली. दोन सहकारी न्यायाधीश वारल्याने एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी निषेध म्हणून एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय अखेर कोर्टाच्या विरोधात गेला.

१८६२ चा महाराज बदनामी खटलाही सुप्रीम कोर्टाच्या अखेरच्या महिन्यांतला. वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांनी ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर ५०,००० रुपयांचा दावा लावला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यात वैद्यकीय साक्ष दिली. २२ एप्रिलच्या निकालाने करसनदास सुटले आणि त्यांना ११,५०० रुपये खर्चही मिळाला.

राहण्यासाठी बांधलेल्या घरात हायकोर्टाचा वाढता व्याप किती काळ मावणार? कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्याची नवी इमारत १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली आणि जानेवारी १८७९ मध्ये कोर्ट तिकडे हलले.

रिकाम्या हवेलीत पुढे ग्रेट वेस्टर्न हॉटेल आले. बंदर आणि गोदी हाकेच्या अंतरावर असल्याने प्रवाशांना ही जागा सोयीची होती. हॉटेलही कालांतराने बंद झाले, नाव मात्र टिकले. नंतर वास्तूत कार्यालये आणि दुकाने आली. एवढ्या हातांतून गेलेल्या वास्तूत मूळचे काय आणि नंतरचे काय, हे वेगळे काढणे सोपे नाही. पाहायला जाताना शेजारचे सेंट अँड्र्यूज चर्च ही सोपी खूण.