वजन कोण ठरवतो? अनुभवी बॉक्सरच्या वजनी गटांमागचा इतिहास

कोकणात, रत्नागिरी-चिपळूणपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, वजनी गट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. किशोर आणि कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धांत सामन्यापूर्वी वजन होते, आणि अर्धा किलो जास्त भरेल या धास्तीने आदल्या रात्रीचा भात सोडून पहाटे अंगात दोन-दोन टी-शर्ट चढवून पुळणीवर धावणारी मुले इथल्या वाड्यांनी पाहिलेली आहेत. जुलै २०२५ मध्ये फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ वयाच्या ४६व्या वर्षी पुन्हा रिंगणात उतरला, तेव्हा त्याने निवडलेल्या गटाची आणि प्रतिस्पर्ध्याची जी चर्चा झाली, ती म्हणूनच आपल्याला परकी वाटू नये. फरक एवढाच की कबड्डीत वजनाची मर्यादा संघटना घालून देते, तर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये नामांकित खेळाडूसाठी ती पुष्कळदा करारात ठरते.

पॅकियाओला हा अधिकार पहिल्यापासून नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये त्याने ११२ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५०.८ किलोंच्या, फ्लायवेट गटात जागतिक विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी वजन न उतरल्याने ते काट्यावरच गेले आणि पाठोपाठ लढतही गेली. वाढत्या शरीराशी झगडण्याऐवजी मधले दोन गट ओलांडून तो १२२ पौंडांत गेला, आणि जून २००१ मध्ये ऐनवेळी बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने तिथला विजेता लेहलो लेडवाबाला हरवले. तोवर निवड म्हणजे समोर येईल ती संधी घेणे, एवढेच होते.

खरा बदल डिसेंबर २००८ मध्ये झाला. ऑस्कर डी ला होया त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा, १६० पौंडांच्या गटातही विजेतेपद मिळवलेला खेळाडू. परंतु लढत १४७ पौंडांवर ठरली आणि कित्येक वर्षे त्या वजनावर न खेळलेला डी ला होया काट्यावर १४५ पौंड भरला. रिंगणात तो इतका निस्त्राण दिसला की आठव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी लढत सोडली. त्यानंतर ‘कॅचवेट’, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवलेले मर्यादेखालचे वजन, हे पॅकियाओच्या बाजूचे नेहमीचे साधन बनले. २००९ मध्ये मिगेल कोटोशी १४५ पौंडांवर, तर २०१० मध्ये अंतोनियो मार्गारितोशी १५४ पौंडांच्या गटाच्या विजेतेपदासाठी १५० पौंडांवर लढत झाली. व्यावसायिक लढतीत वजन साधारणतः आदल्या दिवशी होते. मोठ्या चणीचा खेळाडू रात्रभरात पाणी आणि अन्न घेऊन बरेच वजन परत मिळवतो, आणि कॅचवेटचे प्रत्येक पौंड त्याच्या त्याच फायद्यावर घाव घालते. तरीही या विजयांना केवळ कागदी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण मार्गारितोसमोर पॅकियाओ स्वतः १४५ पौंडही भरला नव्हता आणि उंचीतही तो बराच कमी होता.

मेरी कोमच्या वाट्याला अशी वाटाघाट कधीच आली नाही, आणि माझ्या लेखी तिची कसोटी अधिक कठीण होती. तिची पहिली पाच जागतिक सुवर्णपदके (२००२, २००५, २००६, २००८ आणि २०१०) ४५ ते ४८ किलोंच्या गटांतली आहेत. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये महिला बॉक्सिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा ५१, ६० आणि ७५ असे तीनच गट ठेवले गेले. ऑलिंपिक खेळायचे तर ५१ किलोंत जाण्यावाचून पर्याय नव्हता. शिवाय हौशी बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो आणि लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते, त्यामुळे रात्रीतून वजन भरून काढण्याची सोयही नसते. अंगाने मोठ्या असलेल्या मुलींशी झुंजून तिने कांस्यपदक आणले. उपांत्य फेरीत तिला हरवणारी निकोला ॲडम्सच पुढे विजेती ठरली.

कारकिर्दीच्या उत्तरार्धातही तिची गटांमधली ये-जा स्पर्धांच्या नियमांनीच ठरवली. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे आणि सहाव्या जागतिक अजिंक्यपदाचे सुवर्ण तिने ४८ किलोंत जिंकले, परंतु टोकियो ऑलिंपिकमध्ये तो गट नसल्याने ती पुन्हा ५१वर गेली. डिसेंबर २०१९ मध्ये निवड चाचणीत निखत झरीनला ९-१ असे हरवल्यावरच ऑलिंपिक पात्रता स्पर्धेतली तिची जागा निश्चित झाली. टोकियोत ती कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशा विभागलेल्या निर्णयाने हरली. नंतर हौशी स्पर्धांतल्या ४० वर्षांच्या वयोमर्यादेने तिचा मार्ग बंद केला.

पॅकियाओला ती मर्यादा लागू नव्हती. २०२१ मध्ये योर्डेनिस उगासकडून हरून निवृत्त झालेल्या या खेळाडूने परतताना १४७ पौंडांचाच गट घेतला आणि आपल्याहून १६ वर्षांनी लहान विजेता मारिओ बॅरिओस निवडला. तो उंच होता, पण त्याच्या ठोशांची दहशत नव्हती. हा हिशेब जाणकारांनी आधीच मांडला होता. लढत बहुमताच्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मते, अनिर्णित राहिली आणि विजेतेपद बॅरिओसकडेच राहिले.