नाजूक कलाकृतींचे पॅकिंग व वाहतूक

चित्रे, काच लावलेल्या फ्रेमा, मातीच्या व प्लास्टरच्या मूर्ती, सिरॅमिकच्या वस्तू यांना धक्का, घासणी आणि दमटपणा सोसत नाही. त्या एका जागेवरून दुसऱ्या जागी धड पोचाव्यात म्हणून करायची बांधणी आणि ने-आण या नोंदीत दिली आहे. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हे काम बारमाही चालते. उत्तरेला वारली चित्रांचा मुलूख आहे (पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा भाग, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा), दक्षिणेला पेणचे मूर्तिकार, मधे भिवंडीची गोदामे आणि खाडीपलीकडे उरणजवळचे न्हावा शेवा बंदर.

बांधणीत तीन थर असतात. कलाकृतीला टेकणारा मऊ, निरुपद्रवी थर, धक्का पिणारा थर आणि बाहेरचे कठीण कवच. बहुतेक नुकसान एका थराचे काम दुसऱ्यावर ढकलल्यामुळे होते. त्याचे नेहमीचे उदाहरण बबल रॅप. तो धक्का पिण्यासाठी आहे, रंगाला टेकवण्यासाठी नाही. ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात बंद टेम्पोत मऊ पडतो आणि त्यावर बुडबुड्यांची बाजू दाबली गेली की गडद पार्श्वभूमीवर ओळीने गोल चकत्या उमटतात. त्या पुसून जात नाहीत. म्हणून आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा आम्लरहित टिश्यू लावतात आणि मग बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून बबल रॅप गुंडाळतात. तैलरंगाला हात लावून कोरडा वाटणे पुरेसे नसते. जाड थर आतून वाळायला महिने लागतात. अशा चित्राच्या पृष्ठभागाला काहीही टेकू न देता, फक्त कडांवर तोललेली चौकट पेटीत बसवणे बरे.

वारली चित्राची गोष्ट आणखी निराळी. पारंपरिक पद्धतीत गेरू किंवा शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठीत डिंक कालवून रेघा काढतात. ही पांढरी रेघ पृष्ठभागावर नुसती बसलेली असते आणि टिश्यू सरकला की पीठ होऊन निघते. त्यामुळे कापडावरचे चित्र घडी घालून पाठवू नये. ते गुंडाळायचे तर नळी जाड हवी. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा सहा इंची पीव्हीसी पाइप चालतो, मात्र त्यावर आधी आम्लरहित कागदाचे दोन वेढे द्यावेत. रंगाची बाजू बाहेर ठेवतात, कारण आत ठेवल्यास रंगाचा थर चेपला जातो, सुरकुततो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. तांदळाची पिठी हे बुरशीचे आणि कसरीचे खाद्य असल्याने पावसाळ्यात हे काम दुप्पट जपून करावे लागते.

काचेच्या फ्रेमची बांधणी. उदाहरणादाखल काठासह ६० × ९० सेंमीची फ्रेम घेऊ.

१. मागचे हुक, डी-रिंग आणि तार काढून पिशवीत घालून पिशवी मागच्या पुठ्ठ्याला चिकटवावी. तार राहिली तर शेजारच्या फ्रेमला ओरखडते.
२. काचेवर मास्किंग टेपच्या पट्ट्या दोन-तीन सेंमी अंतराने आडव्या-उभ्या लावाव्यात. टेपमुळे काच फुटायची थांबत नाही, पण फुटली तरी तुकडे चित्रावर न पडता जागीच राहतात. नॉन-ग्लेअर काचेवर आणि ॲक्रिलिक शीटवर टेप लावू नये, लेप उचलला जातो.
३. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे किंवा फोमचे संरक्षक बसवून, पुढे-मागे फ्रेमपेक्षा दोन सेंमी मोठे पुठ्ठे लावून सगळे स्ट्रेच फिल्मने आवळावे.
४. पाचपदरी खोक्यात सगळ्या बाजूंनी पाच सेंमी मोकळी जागा राखून फोमच्या ठोकळ्यांवर बसवावे.

पेस्टल किंवा कोळशाच्या चित्रापुढे ॲक्रिलिक शीट कधीही नको. शीटवर स्थिर विद्युत साठते आणि रंगाची भुकटी शीटकडे ओढली जाते. तिथे काचच हवी.

फोमबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहे. 'जितका फोम, तितके सुरक्षित' हे खरे नाही. फोम दबला तरच धक्का पितो. सहा किलोची फ्रेम अख्ख्या तळभर पसरलेल्या ईपीई (पॉलिथिलीनच्या) फोमवर ठेवली तर वजन इतके विभागले जाते की फोम दबतच नाही आणि खोका आपटल्यावर धक्का जवळपास जसाच्या तसा चौकटीला पोचतो. त्याउलट ठोकळे फार लहान असले तर फोम पुरता चेपला जातो आणि पुढे धक्का पीत नाही. म्हणून पाच सेंमी जाडीचे, दहा-पंधरा सेंमी लांबीचे ठोकळे फक्त कोपऱ्यांना देतात. कसोटी सोपी आहे. फ्रेम ठेवून हाताने थोडे दाबले की फोम खाली जाऊन परत वर यावा. थर्माकोल एकदा दबला की परत येत नाही, म्हणजे पहिला धक्का तो झेलतो आणि दुसऱ्याच्या वेळी ढिला असतो. शिवाय त्याचे दाणे चित्राच्या खाचांत अडकतात.

शाडूची मूर्ती भाजलेली नसते. ती ओली असेल तर वाटेत आकसते आणि बंद प्लॅस्टिकमध्ये घामेजते, त्यामुळे आतून पूर्ण वाळल्याशिवाय बांधूच नये. पहिल्यांदा तुटतात ते सोंड, हात आणि आयुधे. वजन नेहमी तळाने आणि धडाने पेलायचे. पाट प्लायवूडच्या तळाला पक्का करतात, धड दोन्ही बाजूंनी फोमच्या आकार कापलेल्या खोबणीत धरतात आणि हात-सोंडेभोवती चुरगळलेला टिश्यू अगदी सैल भरतात. सैल, कारण घट्ट कोंबलेला कागद धक्क्याच्या वेळी हातालाच दाबतो. पूर्वी भाताचा पेंढा सर्रास वापरत. देशांतर्गत तो अजून चालतो, पण ऑस्ट्रेलियासारखे देश पेंढ्याचे पॅकिंग आत येऊ देत नाहीत.

जड किंवा मौल्यवान वस्तूसाठी ९ किंवा १२ मिमी प्लायवूडची पेटी करतात. झाकण खिळ्यांनी ठोकू नये, स्क्रू वापरावेत. हातोड्याचा प्रत्येक घाव आतल्या वस्तूला बसतो आणि उघडतानाची पहार तर त्याहून वाईट. परदेशी जाणाऱ्या पेटीत अखंड लाकडाच्या पट्ट्या असतील तर आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय) नियमाप्रमाणे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले आणि त्यावर शिक्का मारलेला असावा लागतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही.

दमटपणा हा इथला खास शत्रू आहे. जुलैत भर पावसात खोका सील केला तर आत ती हवाच कोंडली जाते आणि विमानाच्या थंड होल्डमध्ये तिचे दव होते. त्यामुळे बांधण्याआधी वस्तू दिवसभर एसी खोलीत ठेवून तिथेच बांधतात, प्लॅस्टिकच्या आत कागदाचा थर देतात आणि सिलिका जेलच्या पिशव्या टाकतात. जहाजाने जाताना कंटेनरच्या छताला दव धरून थेंब गळतात, म्हणून पेटीला वरून जलरोधक आवरण हवे आणि तळाला पाणी लागू नये म्हणून खाली ठोकळे हवेत.

गाडीत फ्रेमा आडव्या रचू नयेत. काच मध्ये झुकते आणि तासाभरात कोणीतरी वर दुसरा खोका ठेवतोच. त्या उभ्या, गाडीच्या लांबीला समांतर ठेवून बाजूच्या भिंतीला पट्ट्याने बांधतात. 'फ्रॅजाइल' स्टिकरवर फारसा भरवसा नको. एकट्याला सहज उचलता येणारा हलका खोका भिरकावला जातो, दोघांना लागणारा हळू टेकवला जातो. बाजूला मुठी कापून दिल्या तर खोका खालच्या उंचीवरच धरला जातो. घोडबंदर रस्त्यावर किंवा भिवंडी बायपासला पावसाळ्यात खड्डे चुकत नाहीत. 'छोटा हत्ती' टेम्पो रिकामा असेल तर जास्त उसळतो, थोडे वजन भरलेली गाडी बरी. गोदामात माथाडी कामगारांची वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आधीच ठरवून, पेटी कशी धरायची ते समोर उभे राहून दाखवावे.

कुरियरचा दर घनफळावर लागतो. लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणून ५००० ने भागतात. ७५ × १०५ × १५ सेंमीचा खोका प्रत्यक्षात आठ किलोचा असला तरी आकारणी २३.६ किलोची होते. अनेक कुरियर काच आणि कलावस्तूंची जबाबदारी घेत नाहीत, म्हणून वेगळा ट्रान्झिट विमा आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो लागतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती किंवा चित्र पुरावस्तू व कला खजिना कायदा, १९७२ नुसार देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू जुनी दिसत असेल तर पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी घ्यावा. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासह नऊ कलावंतांची चित्रे वय कितीही असले तरी निर्यात करता येत नाहीत.

पोचलेली पेटी लगेच फोडू नये. ती २४ तास त्याच खोलीत बंद ठेवली की आतले तापमान बाहेरच्याशी जुळते आणि काचेच्या आतून वाफ धरत नाही. उघडताना टेपखाली ब्लेड अर्ध्या सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नये. काही मोडलेले आढळले तर खोका, फोम आणि पुठ्ठे तसेच ठेवून फोटो काढावेत. ते फेकले गेले की विमा कंपनीच्या सर्व्हेयरला दाखवायला काही उरत नाही.